अंगणवाडीच्या चिठ्ठीपासून यूडीआयडी कार्डापर्यंत: लहान मुलाच्या विकासाची तपासणी कशी होते

जून २०२३ मध्ये आमच्या अंगणवाडीत मुलांची तपासणी करणाऱ्या आरबीएसके या सरकारी कार्यक्रमाचं पथक आलं तेव्हा मुलगा दोन वर्षं एक महिन्याचा होता. अर्थाचा एकही शब्द नाही, नावाने हाक मारली तर वळून बघणं नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवणं नाही. भूक लागली की आमचा हात धरून डब्यापाशी न्यायचा. पथकातल्या डॉक्टरांनी वजन-उंची घेतली, डोक्याचा घेर मोजला, काही प्रश्न विचारले आणि जिल्हा रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीवर ‘विकासात विलंब’ असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह होतं. त्या प्रश्नचिन्हाने घरात किती रात्री झोप लागली नाही, हे यातून गेलेल्यांना वेगळं सांगायला नको.

त्या दिवसापासून प्रमाणपत्र हातात येईपर्यंत सव्वा वर्ष गेलं. थेरपी मात्र तिसऱ्याच महिन्यात सुरू झाली होती. सगळ्यात आधी सांगायचं ते हेच. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि मुलाला मिळणारी मदत या दोन वेगवेगळ्या वाटा आहेत. स्पीच थेरपी (बोलण्यासाठी), ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करता येण्यासाठी) सुरू करायला कोणतंही प्रमाणपत्र लागत नाही. ‘आधी सर्टिफिकेट काढा, मग बघू’ असं कोणी सांगितलं तर ते ऐकू नका. ‘मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांचा होईपर्यंत थांबा’ हेही ऐकू नका. आम्हाला ते नातेवाइकांनी सांगितलं, एका खासगी दवाखान्यातही सांगितलं.

आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. तो २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरमधून सुरू झाला. पथकात दोन आयुष डॉक्टर असतात, एक स्त्री आणि एक पुरुष. सोबत परिचारिका आणि औषधनिर्माता. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. तुमचं मूल त्या दिवशी गैरहजर असेल किंवा अंगणवाडीत जातच नसेल, तरी पुढच्या फेरीसाठी सहा महिने थांबायची गरज नाही. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला डीईआयसी म्हणतात तिथे, थेट जाऊन नाव नोंदवता येतं. चिठ्ठी असली तर काम सोपं होतं, कारण पथकाकडे त्या मुलाची नोंद राहते आणि पुढे पाठपुरावा होतो.

डीईआयसीत पहिल्यांदा जाताना जन्मदाखला, बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाच्या नोंदी असलेलं माता-बाल संरक्षण कार्ड आणि आधार, सगळ्यांच्या झेरॉक्ससह न्यावं. डिस्चार्ज कार्ड फार महत्त्वाचं. जन्मतः रडला का, वजन किती होतं, कावीळ झाली का, काचेत ठेवलं होतं का, झटके आले का, हे पहिल्या अर्ध्या तासात विचारलं जातं आणि तोंडी उत्तरापेक्षा कागदावर भरवसा जास्त असतो. मूल नऊ महिने भरण्याआधी जन्मलं असेल तर ते आवर्जून सांगा. चाळीस आठवड्यांपेक्षा जितके आठवडे आधी जन्म झाला तितके वयातून वजा करून विकास मोजतात, आणि हे दोन वर्षांपर्यंत करतात. चौतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या एक वर्षाच्या बाळाची तुलना साडेदहा महिन्यांच्या बाळाशी व्हायला हवी. हे सांगायचं राहिलं तर मूल आहे त्यापेक्षा मागे दिसतं.

खर्चाबद्दल बरेच जण विचारतात. आरबीएसकेच्या चिठ्ठीवर आलेल्या मुलांची तपासणी आणि थेरपी डीईआयसीत मोफत असते. त्याशिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या रुग्णालयांत केसपेपरसुद्धा मोफत झाला. वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालयं मात्र वेगळ्या विभागाची असल्याने तिथे शुल्क भरावं लागतं. आमचा खरा खर्च एसटी, जेवण आणि बुडालेली मजुरी हाच होता.

बालरोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत कानाची तपासणी लिहून दिली. नावाला ओ न देणाऱ्या मुलाला ऐकू येतं की नाही हे आधी कळल्याशिवाय पुढची कोणतीही चाचणी खरी धरता येत नाही. ‘टीव्हीची जाहिरात लागली की धावत येतो, म्हणजे ऐकू येतंच’ असं आम्हीही म्हणालो. त्यावर ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी नीट समजावलं की काही सूर ऐकू येतात आणि काही येत नाहीत अशीही बहिरेपणाची तऱ्हा असते. अशा मुलाला आवाज कळतो, शब्द कळत नाही.

आधी ओएई. कानात छोटीशी टोपी बसवतात, मिनिटभरात आतल्या कानाचा प्रतिसाद मिळतो. मूल सर्दीने भरलेलं असेल, कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं असेल, तर हीच चाचणी नापास दाखवते आणि उगाच घाबरायला होतं. अशा वेळी आधी सर्दीचे उपचार आणि मग पुन्हा चाचणी. त्यानंतर बेरा. यात कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवून कानापासून मेंदूपर्यंतचा मार्ग तपासतात. मूल गाढ झोपलेलं हवं, जरा हललं तरी नोंद बिघडते. आदल्या रात्री उशिरापर्यंत जागं ठेवायचं, सकाळी लवकर उठवायचं, गाडीत अजिबात झोपू द्यायचं नाही. झोपेचं औषध वजनावरून आणि डॉक्टरांच्या देखरेखीतच देतात. त्याआधी किती तास काही खाऊ-पिऊ घालायचं नाही हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. बरेचसे बेरा इथेच फसतात, कारण मूल एसटीत झोपून ताजंतवानं होऊन येतं आणि मग औषध देऊनही झोपत नाही. आमच्या मुलाच्या दोन्ही कानांत ३० डेसिबलला पाचवी लहर दिसली, म्हणजे ऐकू व्यवस्थित येत होतं. तो कागद जपून ठेवा. पुढे प्रत्येक जण आधी तोच मागतो.

रक्तात हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं. एमआरआय आम्ही स्वतःहून विचारला होता, पण डॉक्टरांनी लिहिला नाही. मुलाला झटके येत नव्हते, शिकलेलं विसरत नव्हता, डोक्याचा घेर वयाप्रमाणे होता. अशा मुलाच्या एमआरआयमधून उपचाराची दिशा सहसा बदलत नाही आणि भूल मात्र द्यावी लागते. खासगीत सुरुवातीलाच मोठ्या चाचण्या लिहून दिल्या तर ‘यातून काय कळणार आणि कळल्यावर आपण वेगळं काय करणार?’ हे जरूर विचारा.

ऑगस्टमध्ये मानसतज्ज्ञ मॅडमची तारीख मिळाली. मूल सव्वादोन वर्षांचं. आधी आमच्याशी बोलून एम-चॅट हा स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता पाहणारा फॉर्म भरला. त्यात २० प्रश्न असतात आणि तो १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. गुण २ पर्यंत आले तर काळजी कमी, ३ ते ७ आले तर पुन्हा खोदून विचारतात, ८ किंवा त्याहून जास्त आले तर थेट पुढच्या तपासणीला पाठवतात. आमचे ११ आले. ही चाळणी आहे, निदान नव्हे, हे मॅडमनी दोनदा सांगितलं. तरी घरी येईपर्यंत डोक्यात तो आकडाच घोळत होता.

मग डीएएसआयआय. सगळे त्याला ‘दासी’ म्हणतात. डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांवर काम करून बसवलेली ही मोजणी, ३० महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी. हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी असतात, त्यातल्या मुलाच्या वयाच्या आसपासच्या घेतात. टेबलावर ठोकळे, घंटी, बाहुली, खुंट्या बसवायचा फलक, चित्रं. ठोकळ्यांचा मनोरा करतो का, लपवलेली वस्तू शोधतो का, सांगितलेलं चित्र दाखवतो का, असं एकेक करत तास-दीड तास जातो.

इथे आईबापांनी सांभाळायच्या गोष्टी आहेत. मूल झोप झालेलं आणि पोट भरलेलं हवं, म्हणून वेळ देतानाच त्याच्या झोपेची वेळ सांगून सकाळची मागून घ्या. ताप असेल तर सरळ पुढची तारीख मागा; आजारी मुलाचा आकडा एकदा फाइलमध्ये चढला की तो मागे लागतो. चाचणी चालू असताना ‘कर ना बाळा, घरी करतोस ना’ म्हणत हात धरून करून दाखवू नका, कारण मदत घेऊन केलेली गोष्ट मोजता येत नाही. पण घरी नक्की करतो आणि इथे करत नाही अशी गोष्ट असेल तर चाचणी संपल्यावर सांगा, मोबाइलवर चित्रफीत असेल तर दाखवा. आम्ही जेवताना, खेळताना, दुसऱ्या मुलांमध्ये असताना आणि हाक मारल्यावर काय करतो याचे मिनिट-मिनिटाचे व्हिडिओ काढून नेले होते. मॅडमना अनोळखी खोलीत रडणारं मूलच दिसलं असतं, त्या व्हिडिओंमुळे घरातलं मूल दिसलं.

भाषेचंही तेच. घरात अहिराणी, वऱ्हाडी, कोकणी, गोरमाटी, जी बोली असेल ती आधीच सांगा आणि मूल ज्या वस्तूला जे म्हणतं ते शब्द लिहून द्या. ‘चेंडू दाखव’ म्हटल्यावर गप्प बसणारं मूल ‘बॉल’ म्हटल्याबरोबर दाखवतं. भाषेमुळे बुडालेला गुण अहवालात मंदपणा म्हणून उमटतो, आणि असं होताना मी शेजारच्या मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे. दोन ठिकाणी थोड्याच दिवसांच्या अंतराने तीच चाचणी करून घेणंही टाळा. मूल सरावाने जास्त करतं आणि दुसरा आकडा फसवा येतो. दुसरं मत घ्यायचं असेल तर पहिला अहवाल सोबत न्या.

अहवाल आठवड्याने मिळाला. वय २७ महिने, हालचालींचं वय २३ महिने, मानसिक वय १६ महिने. भागाकार करून शंभराने गुणलं की विकासांक येतो: हालचालींचा ८५, मानसिक ५९. सत्तरच्या खाली म्हणजे विलंब. हा आकडा म्हणजे बुद्ध्यांक नव्हे. त्या दिवशी मूल जे करू शकलं त्याची ती नोंद आहे आणि या वयात ती बदलते. आम्ही मात्र ५९ वाचून सुन्न झालो होतो. मॅडमनी अहवालाचं दुसरं पान उघडून दिलं, जिथे कोणत्या बाबी जमल्या आणि कोणत्या नाहीत ते लिहिलं होतं, आणि म्हणाल्या, “ताई, आकडा मला लागतो. तुम्हाला हे पान लागणार आहे.” खरंच तसं झालं. घरी काय शिकवायचं ते सगळं त्या पानातून निघालं. तुम्हाला फक्त आकडा असलेला एका पानाचा अहवाल दिला तर बाबींचा तपशील मागून घ्या.

निदानात ‘विकासात सर्वांगीण विलंब, स्वमग्नतेची लक्षणं’ असं लिहिलं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला सहसा बौद्धिक अक्षमता असं लिहीत नाहीत, विलंब असंच लिहितात; बुद्धीच्या चाचण्या त्यानंतर खात्रीच्या होतात. काही ठिकाणी आईची मुलाखत घेऊन सामाजिक परिपक्वतेची चाचणी करतात, व्हीएसएमएस नावाची. मूल स्वतः जेवतं का, चप्पल घालतं का, शी-शू सांगतं का, हे त्यात विचारतात. तिथे ‘आम्हीच भरवतो, वेळ नसतो’ आणि ‘दिलं तर खातो’ यात फरक करून सांगा. बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी ठरवताना या चाचणीचा अंक बघतात: ५५ ते ६९ आला तर ५० टक्के, ३६ ते ५४ आला तर ७५ टक्के.

ऑगस्टच्या अखेरीस थेरपी सुरू झाली. आठवड्यातून एकदा स्पीच आणि एकदा ऑक्युपेशनल, तीही दोन्ही एकाच दिवशी मागून घेतली म्हणून गावाकडून येणं जमलं. केंद्रात मुलं जास्त, थेरपिस्ट कमी, त्यामुळे एका सत्राला जेमतेम पाऊण तास मिळायचा. त्या वेळात मुलाकडून करून घेण्यापेक्षा आम्हाला शिकवा, असं आम्ही सांगितलं. खासगीत आमच्या शहरात एका सत्राचे ५०० ते ८०० रुपये घेतात. दर महिन्याला एवढे पैसे कुठून आणणार, म्हणून घरचा सराव हाच आधार होता.

प्रमाणपत्राचा विचार डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलगा तीन वर्षांचा झाल्यावर केला. मे २०२४ मध्ये स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) मिळतं त्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज भरला. अर्ज मोफत आहे, मोबाइलवरूनही भरता येतो. अडतं ते नावात. आधारवर, जन्मदाखल्यावर आणि अर्जात मुलाचं आणि वडिलांचं नाव अक्षर न अक्षर सारखं हवं. पाच वर्षांखालच्या मुलांचं बाल आधार घाईत काढलेलं असतं आणि त्यात स्पेलिंग चुकलेलं असतं. ते आधी दुरुस्त करून घ्या. फोटो अलीकडचा हवा आणि ठरावीक केबीतच बसवावा लागतो, सेतू किंवा आपले सरकार केंद्रात ते काम पटकन होतं. अर्ज कोणत्या रुग्णालयाकडे जावा हे निवडताना जिथे मुलाची फाइल आहे तेच निवडा. अर्ज भरला की येणारा नोंदणी क्रमांक डायरीत लिहा. पुढे चौकशी त्याच क्रमांकाने होते.

जुलैमध्ये इसा झाली, म्हणजे स्वमग्नता मोजायची भारतीय मोजपट्टी. सहा विभागांत ४० प्रश्न: सामाजिक नातं, भावनिक प्रतिसाद, भाषा आणि संवाद, वागण्याच्या पद्धती, संवेदना, आकलन. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण, आणि हे गुण ‘करतो की नाही’ यावर नसून ‘किती वेळा करतो’ यावर असतात. क्वचित म्हणजे १, जवळजवळ नेहमी म्हणजे ५. म्हणून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून थांबू नका, ‘दहा वेळा हाक मारली तर दोनदा बघतो’ असं सांगा. त्यासाठी आठवडाभर आधी वहीत नोंदी करून ठेवल्या तर बरं, कारण तिथे आठवत नाही. मुलाची बाजू घेऊन सगळं चांगलंच सांगायची इच्छा होते, आणि काही पालकांना टक्के वाढावेत म्हणून वाढवून सांगावंसं वाटतं. दोन्हींनी मुलाचं नुकसान होतं, कारण पुढची मदत याच उत्तरांवर बेतलेली असते.

आमची बेरीज ९४ आली. ७० ते १०६ म्हणजे सौम्य स्वमग्नता. पण प्रमाणपत्रावर ६० टक्के आलं आणि आम्ही गोंधळलो: सौम्य, तर मग ६० कसे? टक्केवारीचा तक्ता वेगळा आहे. ७० गुणांना ४० टक्के, ७१ ते ८८ ला ५०, ८९ ते १०५ ला ६०, आणि असं वर वर जातं. म्हणजे स्वमग्नतेचं निदान झालेल्या प्रत्येक मुलाची, सवलतींसाठी कायद्यात असलेली ४० टक्क्यांची अट पूर्ण होते. टक्का ऐकून खचू नका. तो हक्कांसाठीचा आकडा आहे.

प्रमाणपत्रासाठी मुलाला तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डाचा वार ठरलेला असतो, तो फोन करून खात्री करूनच निघा. बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ रजेवर असले तर बोर्ड बसत नाही आणि हे गेल्यावरच कळतं. ऑगस्टमध्ये बोर्ड झालं, सप्टेंबरमध्ये पोर्टलवर प्रमाणपत्र आणि ई-कार्ड उतरवून घेता आलं. छापील कार्ड टपालाने नंतर येतं, त्यासाठी कुठलंच काम अडत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलले आहेत: अर्ज फक्त पोर्टलवरून, प्रमाणपत्र द्यायची मुदत तीन महिने, आणि कार्डाचे रंग तीन. चाळीसच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि पुढे निळं.

कार्ड आल्यावर आधी राष्ट्रीय न्यास या केंद्राच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात नाव घातलं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, नोंदणी ५०० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला २५०. कोणतीही वैद्यकीय तपासणी नाही. थेरपीची बिलं यात बसतात, मात्र पावती, चिठ्ठी आणि तारखा जुळल्या पाहिजेत. नोकरदार पालकांना जुन्या करपद्धतीत (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०डीडी) ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्के आणि त्यापुढे १,२५,०००. स्वमग्नतेसाठी वेगळा फॉर्म (त्याच कायद्यात १०-आयए) डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के प्रवेशात दिव्यांग मूल वंचित गटात येतं, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. शाळेत गेल्यावर तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेत येऊन मदत करणं, घरी येऊन शिकवणं, प्रवासभत्ता हे तिथूनच ठरतं.

मुलगा सध्या अंगणवाडीत जातो. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली, ती आमच्या सेविकाताईंना माहीत होती. तुमच्याकडे माहीत नसेल तर बीटच्या, म्हणजे तुमच्या भागातल्या अंगणवाड्यांच्या, पर्यवेक्षिकांशी बोला. दोन शब्दांची वाक्यं येतात, हाकेला बहुतेक वेळा वळतो, गर्दीत अजून कान झाकून बसतो.

लहान मुलांचं प्रमाणपत्र तात्पुरतं असतं, त्यावर नूतनीकरणाची तारीख छापलेली असते. बौद्धिक अक्षमतेत पाच, दहा आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. आमच्या मुलाला मे २०२६ मध्ये पाच वर्षं पूर्ण होतात, आणि त्याच वेळी बाल आधारवर बोटांचे ठसे द्यावे लागतात, ते पाच ते सात या वयात मोफत आहे. आधी आधार, मग नूतनीकरणाचा अर्ज असा क्रम ठेवा, म्हणजे नवा फोटो आणि नाव दोन्हीकडे सारखं येतं. तारीख संपण्याआधी दोन-तीन महिने अर्ज टाकायचा आणि दासीपासून इसापर्यंतचे सगळे जुने अहवाल फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून न्यायचे.